दर्याची धूळ

पुण्याहून अमरावतीला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये झोप येत नव्हती, म्हणून मी फोनवर गूगल अर्थ उघडलं. त्यात टाइमलॅप्स नावाची एक सोय आहे. पृथ्वीवरची कुठलीही जागा निवडायची आणि चालू करायचं, की १९८४पासूनची उपग्रहचित्रं एकामागून एक सरकत जातात. आधी आमचं गाव पाहिलं. चाळीस वर्षांत फारसा फरक नाही. तीच काळी वावरं, मधून वळणं घेत जाणारी पूर्णा. मग बोट फिरवत मध्य आशियात गेले, अरल समुद्रापाशी. पहिल्या चित्रात निळाशार. मग कडेने पांढरा होत गेलेला. मग दोन तुकडे. मग उजवीकडचा मोठा भाग नाहीच. सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा. मी तो सात-आठ वेळा पाहिला.

मी दर्यापूर तालुक्यातली. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरलाय, त्यात आमचं गाव येतं. इथे विहिरीला पाणी लागतं, पण खारं. ते पिताही येत नाही आणि पिकाला देताही येत नाही. त्यामुळे आमची पऱ्हाटी पावसाच्या भरवशावर. आजोबा म्हणायचे, "खाऱ्या पान्यानं एक साल पीक निंगते, मंग वावर मरते." त्यामुळे अरलची गोष्ट मला कधी लांबची वाटली नाही. तीही मिठाची आणि कापसाचीच गोष्ट आहे.

त्यात अजून एक गंमत. अरलला पाणी पुरवणाऱ्या नद्यांची नावं अमू दर्या आणि सिर दर्या. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र, तिकडे दर्या म्हणजे नदी. फारसीतला एकच शब्द दोन वाटांनी गेला. अरलच्या बाबतीत मात्र हा फरक राहिला नाही. तिथे नदीचं जे झालं, तेच समुद्राचं झालं.

*

अरलला समुद्र म्हणत असले, तरी ते एक तळं. १९६०पर्यंत क्षेत्रफळाने जगातलं चौथ्या क्रमांकाचं. सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या दोन-तृतीयांशाहूनही जास्त. पामीर आणि तिआन शान या पर्वतांवरचा बर्फ वितळून या दोन नद्या वाळवंटातून वाहत यायच्या आणि वर्षाला सुमारे ५५ घन किलोमीटर पाणी अरलमध्ये आणून सोडायच्या. आपल्या हिशेबात साधारण १,९०० टीएमसी, म्हणजे जवळजवळ एकोणीस भरलेली जायकवाडी धरणं, दर वर्षी.

या तळ्याला बाहेर जाणारी वाट नाही. आपल्याला हे समजायला लोणार पुरेसं आहे. लोणारच्या विवरात पाणी आत येतं, पण तिथून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाण्याची वाफ होते, त्यातले क्षार मात्र मागे राहतात आणि साचत जातात. अरलमध्ये हेच हजारो वर्षं चाललेलं. नद्या जेवढं पाणी आणायच्या, तेवढं ऊन उडवून न्यायचं. त्या तोलावर पाण्यात लिटरमागे सुमारे १० ग्रॅम मीठ टिकून होतं. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम असतं. म्हणजे अरल मचूळ होता आणि त्यात मासे मजेत राहायचे.

या पाण्याचा पहिला शास्त्रीय नकाशा १८४८-४९ साली अलेक्सेय बुताकोव्ह या रशियन नौदल अधिकाऱ्याने केला. त्याचं जहाज ओरेनबुर्गला बांधलं, मग सुटं केलं आणि गाड्यांवर लादून गवताळ मैदानांतून सिर दर्यापर्यंत आणलं. त्याच्या सोबत किनाऱ्यांची चित्रं काढायला तारास शेवचेन्को होता. युक्रेनचा महाकवी. झारने त्याला शिपाई करून हद्दपार केलं होतं आणि लिहिण्या-रंगवण्यावर बंदी घातली होती. बुताकोव्हने ती बंदी गुंडाळून ठेवली. त्या चित्रांतले कडे आणि खाड्या आज पाण्यापासून लांब, कोरड्या उभ्या आहेत.

आणखी एक दाखला. १९२१ साली व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला, तेव्हा लेनिनने अरलच्या कोळ्यांना पत्र लिहून मदत मागितली. त्यांनी चौदा वाघिणी भरून मासे पाठवले. अराल्स्कच्या रेल्वे स्थानकात या घटनेचं भित्तिचित्र आहे. पुढे त्याच सरकारने या कोळ्यांचं पाणी काढून घेतलं.

*

पाणी गेलं कुठे, याचं उत्तर आमच्या घरात टांगलेल्या कापसाच्या पोत्यापर्यंत येतं. त्यासाठी १८६१ सालात जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. बंदरांची नाकेबंदी झाली आणि तो थांबला. मग मुंबईत काय झालं, ते आपण शाळेत वाचलेलं असतं. भाव चढले, पैसा ओतला गेला, शेअरचं वेड लागलं आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळं कोसळलं. वऱ्हाड १८५३पासून इंग्रजांच्या ताब्यात होतंच. आमच्या काळ्या मातीवर कापसाचा शिक्का बसण्यात त्या चार वर्षांचा मोठा वाटा आहे.

शाळेत जे शिकवत नाहीत ते असं, की त्याच वेळी रशियाच्या गिरण्याही अमेरिकन कापसावाचून तडफडत होत्या. रशियन फौजा तुर्कस्तानात उतरल्या, त्यामागे कापूस हे एकमेव कारण नव्हतं. साम्राज्याची हाव होती, इंग्रजांशी चढाओढ होती. पण जून १८६५मध्ये ताश्कंद पडलं, तेव्हा मॉस्कोच्या कापडवाल्यांना त्याचा अर्थ बरोबर कळला होता. १८८०च्या दशकात तिथे लांब धाग्याचं अमेरिकन बियाणं रुजलं. उझबेक भाषेत कापसाला 'ओक ओल्तिन' म्हणतात. त्याचा अर्थ पांढरं सोनं. हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा थबकले. आमच्या आजीचा शब्द तिकडच्या आजीच्याही तोंडात होता. आणि दोघींपैकी कुणालाही त्या सोन्याचा भाव ठरवता येत नव्हता.

झार गेला, सोव्हिएत आले, कापूस राहिला. उलट वाढला. १९५४ साली काराकुम कालव्याचं काम सुरू झालं. हा कालवा अमू दर्याचं पाणी तेराशेहून जास्त किलोमीटर वाळवंटातून तुर्कमेनिस्तानात नेतो. बराचसा भाग नुसता मातीत खणलेला, त्यामुळे पाण्याचा मोठा हिस्सा वाटेतच झिरपून जायचा. साठच्या दशकात आणखी कालवे, आणखी लाखो हेक्टर कापूस. ऐंशीच्या दशकापर्यंत कोरड्या वर्षांत दोन्ही नद्यांचं पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोचेनासं झालं.

हे अजाणता झालं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अलेक्सांद्र वोएइकोव्ह या नामांकित हवामानतज्ज्ञाने मांडलं होतं, की वाळवंटात उगाच वाफ होऊन जाणारं हे पाणी शेतीला दिलेलं बरं. सोव्हिएत नियोजनकारांचा हिशेबही तसाच सरळ होता. एक घनमीटर पाणी समुद्रात सोडलं तर किती रूबलचे मासे आणि शेतात सोडलं तर किती रूबलचा कापूस? कापूस जिंकला. समुद्र आकसणार, हे धरूनच आखणी झाली होती. उघड्या पडलेल्या तळातलं मीठ वाऱ्यावर उडेल, ही शंकाही तेव्हा निघाली होती. त्यावर काही जणांचं उत्तर असं, की तळावर मिठाचा कडक पापुद्रा बसेल आणि धूळ उडणारच नाही.

त्या पापुद्र्याने दगा दिला.

*

आपल्या जेवणातल्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा, पापुद्रा खरंच कडक होतो. पण अरलच्या तळात सोडियम सल्फेटही भरपूर आहे. त्याचे स्फटिक थंडीत पाणी धरून फुगतात, उन्हात ते पाणी सोडून भुकटी होतात. असं वारंवार झालं की जमिनीचा वरचा थर भुसभुशीत होतो. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत रुतावा आणि वारा आला तर उठून चालायला लागावा, असा. १९७५ साली अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत अरलच्या किनाऱ्यावरून उठलेले धुळीचे लांबलचक पट्टे प्रथम दिसले. पुढे फिलिप मिकलिन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९८८ साली 'सायन्स'मध्ये अरलवर एक लेख लिहिला. त्यात वर्षाला ४ कोटी ३० लाख टन क्षार उडत असल्याचा अंदाज होता. नंतरचे अंदाज याहून कमीही आहेत आणि जास्तही. धूळ मोजणं सोपं नाही. पण ती शेकडो किलोमीटर जाते, याबद्दल वाद नाही. त्या उघड्या तळाला आता नावही मिळालंय. अरलकुम, म्हणजे अरलची वाळू. जगातल्या सर्वांत तरुण वाळवंटांपैकी एक.

आणि त्या धुळीत नुसतं मीठ नाही. वीस-तीस वर्षं कापसावर मारलेली औषधं शेतातून वाहून नद्यांत आली आणि नद्यांनी ती तळ्यात आणून ठेवली. डीडीटी, लिंडेन. शिवाय ब्युटिफॉस. वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाची पानं गाळायला हे रसायन विमानातून फवारायचे. शेजारच्या वावरात शाळेची पोरं कापूस वेचत असायची. १९८७ साली त्याच्यावर बंदी आली. लंडनच्या 'लॅन्सेट'ने २००० साली अरलच्या प्रदेशातल्या धुळीचा एक अभ्यास छापला. त्या धुळीत कीटकनाशकांचे अंश सापडले होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या भागात उडणारी सगळी धूळ समुद्राच्या तळातून येत नाही. दक्षिणेच्या काराकुम वाळवंटातून येते, नांगरलेल्या उघड्या शेतांतूनही येते. पण मला यात दिलासा दिसत नाही. विष तळ्यात साचायच्या आधी शेतातच होतं, एवढाच त्याचा अर्थ.

*

ही धूळ पिकाचं काय करते?

पहिला घाव पानावर. खारी धूळ पानावर बसते, पानांची श्वास घ्यायची बारीक छिद्रं बुजवते, ऊन अडवते. दव पडलं की मीठ विरघळतं आणि पानाच्या कडा करपतात. हे फुलोऱ्याच्या वेळी झालं, तर नुकसान सगळ्यात जास्त. म्हणजे पात्या-फुलं लागायच्या ऐन दिवसांत एक वादळ आलं, की बोंडांचा हिशेब तिथेच चुकला.

दुसरा घाव मुळावर. मीठ मातीत उतरतं. मातीत पाणी असूनही मुळाला ते ओढून घेता येत नाही, आणि रोप ओल्या जमिनीत तहानेने सुकतं. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, जमीन चोपण होते, वर पाणी साचतं आणि वाळलं की फरशीसारखी टणक होते. चोपण जमीन म्हणजे काय, ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा घाव सगळ्यात वाईट, कारण तो माणसाच्या हातून होतो. खारावलेल्या शेतात पेरणी करायची, तर आधी मीठ धुवावं लागतं. अमू दर्याच्या मुखाशी असलेल्या काराकाल्पाकस्तानात हिवाळा सरता सरता शेतं पाण्याने भरतात, मीठ विरघळू देतात आणि पाणी चरांतून काढून देतात. उझबेक भाषेत याला 'शोर युविश' म्हणतात, खार धुणं. या धुण्याला पाणी लागतं नदीचं. नदीचं पाणी घेतलं की समुद्राला कमी. समुद्र कमी की तळ आणखी उघडा. तळ उघडा की धूळ जास्त, आणि पुढच्या वर्षी धुवायला मीठही जास्त. दर वर्षी एकेक शेतकरी आपल्यापुरतं शहाणपणाचंच काम करत असतो, आणि सगळ्यांचं मिळून हे असं होतं.

समुद्राची ऊब आणि गारवा गेल्यामुळे हवाही बदलली. उन्हाळे जास्त तापले, हिवाळे जास्त गारठले, गोठवणाऱ्या थंडीविना जाणारे दिवस कमी झाले. उत्तर काराकाल्पाकस्तानात कापसाला लागणारे दिवसच पुरेनात, तेव्हा बऱ्याच ठिकाणी कापूस सोडून भात लावला. ज्या पिकासाठी समुद्र आटवला, तेच तिथे येईना आणि त्याच्या जागी त्याहून जास्त पाणी पिणारं पीक आलं.

शेताबाहेरची यादी लांब आहे. नदीकाठी पॉप्लर, झाऊ आणि बोरूची दाट राई असायची, तिला तुगाई म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या राईत वाघ होता. वाघ शिकारीने आणि जंगलतोडीने आधीच गेला. नंतर पाणी उतरलं, मीठ चढलं आणि राईही बहुतेक गेली. समुद्रात मीठ वाढत गेलं तसे एकेक मासे संपले. दक्षिणेकडच्या उरलेल्या पाण्यात लिटरमागे १०० ग्रॅमच्याही वर मीठ गेलं. एकेकाळी वर्षाला चाळीस हजार टनांवर मासळी देणाऱ्या समुद्रातला धंदा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. मुयनाक या बंदरातला मासळीचा कारखाना चालू राहावा, म्हणून हजारो किलोमीटरवरून दुसऱ्या समुद्रांचे गोठवलेले मासे रेल्वेने आणायचे. आज मुयनाकपासून पाणी शंभर किलोमीटरहून लांब आहे. गंजलेली जहाजं वाळूत उभी असतात आणि पर्यटक तिथे सेल्फी घेतात.

*

हे फक्त सोव्हिएत हुकूमशाहीत घडतं, असं वाटत असेल तर कॅलिफोर्निया पाहा. १९१३ साली लॉस एंजलिस शहराने ओवेन्स नदीचं पाणी कालव्याने वळवून नेलं. दहा-पंधरा वर्षांत ओवेन्स तळं कोरडं पडलं. पुढे ते अमेरिकेतलं बारीक धुळीचं सगळ्यात मोठं उगमस्थान ठरलं, आणि त्या धुळीत आर्सेनिकही होतं. धूळ बसवायला त्या शहराने आजवर दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्च केलाय. त्यासाठी कुठे तळावर पाणी पसरतात, कुठे खडी टाकतात, कुठे खारं गवत लावतात. तिथे लोकशाही होती, वर्तमानपत्रं होती, न्यायालयं होती. पाणी तरीही गेलं. फरक एवढाच पडला, की धुळीचं बिल ज्याचं त्याला गेलं, तेही कित्येक दशकांनी.

अरलचं बिल कुणी भरायचं? ज्या देशाने ते केलं, तो १९९१ साली नकाशावरून नाहीसा झाला. उत्तरेच्या छोट्या तुकड्यापुरती कझाकस्तानने हिंमत केली. स्थानिक लोकांनी घातलेला वाळूचा बांध १९९९ साली फुटला. मग जागतिक बँकेच्या मदतीने तेरा किलोमीटरचा कोक-अरल बांध २००५ साली पुरा झाला. पाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर चढलं, खारटपणा उतरला, मासे परतले आणि अराल्स्कच्या भागात मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेत मात्र तसं काही शक्य दिसत नाही. तिथे पूर्वेकडचा भाग २०१४ साली पार कोरडा झाला. आता उझबेकिस्तान त्या तळावर सॅक्सॉल नावाचं झुडूप लाखो हेक्टरवर लावतंय. ते वाळवंटात तगतं, मीठ सोसतं, वारा अडवतं. समुद्र परत आणायचा विचार तिथे कुणी करत नाही. धूळ जागेवर राहिली तरी पुष्कळ.

*

सकाळी घरी पोचले. बाबांना फोनवर तो टाइमलॅप्स दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला.

"एवढं पानी गेलं कुठं?"

"कापसात, बाबा."

ते काही बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, कारण आम्ही तिघं भावंडं शिकलो ती कापसावरच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसेक माणसं विषबाधेने गेली, त्यानंतर आईने बाबांना तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय पंप उचलू दिलेला नाही. कापसाबद्दल त्यांना मी काही नवीन सांगावं, असं नाही.

पण बोलायचं कारण होतं. आमच्या भागात गेली काही वर्षं धरणाचं गोडं पाणी कालव्याने येण्याची चर्चा आहे. खारपाणपट्ट्याला गोडं पाणी! आजोबांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते. येऊ नये, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी पुण्यात राहते, माझ्या नळाला चोवीस तास पाणी असतं. पण आमची काळी माती चिकट आहे. वर दिलेलं पाणी खाली लवकर उतरत नाही, आणि खाली मीठ बसलेलंच आहे. पाणी भरपूर दिलं आणि त्याचा निचरा झाला नाही, तर ते मीठ ओलीबरोबर वर चढतं. अमू दर्याकाठच्या शेतांना धुळीच्याही आधी यानेच मारलं होतं.

म्हणून मी बाबांना एवढंच म्हटलं, की ग्रामसभेत कालव्याचं बोलणं निघालं की चराचंही काढा. पाणी कुठून येणार ते सगळे विचारतील. ते जाणार कुठून, हेही कुणीतरी विचारायला पाहिजे.

बाबा हसले. "चराले आपली जागा कोन सोडन?"

प्रश्न खरा होता. चर म्हणजे प्रत्येकाच्या वावरातली दोन-तीन तासं जाणार, तीही दुसऱ्याचं पाणी वाहून न्यायला. मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी मात्र ते मला घेऊन वावरात गेले. खालच्या बांधाला पावसाळ्यात जिथे पाणी तुंबतं, तिथे जमिनीवर पांढुरकी साय धरलेली होती. त्यांनी चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. मग बांधापासून पावलं मोजत चालायला लागले. मी मागून मोजत होते. सहा पावलांवर थांबून त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली.